आर्पेजिओचा रियाझ आणि कॉर्ड प्रोग्रेशन, दोन्हीची सांगड कशी घालायची?

सांजसूर

नमस्कार मंडळी. मी पियानो हौसेपोटी वाजवते, मोठेपणी सुरू केलाय, परीक्षा बिरीक्षा द्यायची नाही, स्टेजवर जायचं नाही, पण जे वाजवेन ते नीट वाजवायचंय. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मिळतो आणि तो मी कशासाठीही सोडत नाही. स्केल्स बऱ्यापैकी हातात बसल्यात, नोटेशन हळूहळू वाचता येतं, मेजर-मायनर कॉर्ड्स ओळखता येतात. डिजिटल पियानो आहे, ८८ पट्ट्यांचा, पट्ट्यांना नीट वजन आहे.

आता प्रश्न. आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकदम न दाबता एकामागून एक) करतेय सी मेजर, जी मेजर, एफ मेजर आणि ए मायनर, दोन सप्तकांत. उजव्या हाताने वर जाताना सी-ई-जी झालं की पुढच्या सी वर अंगठा येतो ना, तिथे धक्का बसतो. तो सी बाकीच्यांपेक्षा मोठा वाजतो आणि त्याच्या आधी बारीकशी फट पडते. हळू वाजवलं तरी तेच, जोरात वाजवलं तर अजून जास्त. बोटं कितीही लवकर आत घेतली तरी जात नाही.

दुसरं म्हणजे कॉर्ड प्रोग्रेशनचा, म्हणजे एकापाठोपाठ एक कॉर्ड्स वाजवत जाण्याचा, मला भयंकर नाद लागलाय. १-५-६-४, म्हणजे स्केलच्या पहिल्या, पाचव्या, सहाव्या आणि चौथ्या सुरावरच्या कॉर्ड्स सी, जी, ए मायनर, एफ, हे वाजवत बसते, पण मी प्रत्येक कॉर्ड रूटपासून (कॉर्डच्या मूळ सुरापासून) धरते आणि हात उचलून पुढच्या जागी ठेवते, त्यामुळे ऐकायला तुटक वाटतं. शिवाय थोड्या वेळाने तेच तेच होतं, त्या चार कॉर्ड्समधून बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही. रँडम कॉर्ड दाबून बघितली तर कधी छान लागते कधी अगदी परकी वाटते, आणि दोन्ही वेळेला का ते कळत नाही.

आणि तिसरं, हे दोन्ही वेगवेगळं करायचं का? म्हणजे आधी पंधरा मिनिटं आर्पेजिओ मग प्रोग्रेशन, की एकत्र करायची काही पद्धत आहे? कुणी करत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांबलचक उत्तर चालेल, मी सगळं वाचणार आहे.

पाचबोटं

धक्क्याबद्दल लिहितो, प्रोग्रेशनवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे इथे आहेत.

बहुतेकांचं होतं असं की सगळा दोष अंगठ्याला देतात आणि अंगठा अजून वेगात आत ढकलायला जातात. खरी गोष्ट अशी की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जागेवर थांबलेला असतो आणि एकट्या अंगठ्याला तळहाताखालून सगळा प्रवास करावा लागतो. स्केलमध्ये ते खपून जातं कारण तिथे ई नंतर अंगठ्याला शेजारचा एफ गाठायचा असतो. आर्पेजिओत जी नंतर सी, म्हणजे मधले ए आणि बी ओलांडून जायचंय. एवढं अंतर अंगठा एकटा कापायला गेला की तो पोचतो तेव्हा आपटतोच, म्हणून तो सूर मोठा, आणि पोचायला उशीर होतो म्हणून आधी फट.

आता हे करून बघा. सी-ई-जी १-२-३ बोटांनी (अंगठा १, करंगळी ५) वाजवा आणि जी दाबून थांबा. अंगठा आत कोंबू नका. कोपर किंचित बाहेर, उजवीकडे जाऊ द्या, त्याबरोबर मनगट जी च्या पलीकडे सरकेल, आणि अंगठा काही न करता सी च्या जवळ आलेला दिसेल. मग फक्त खाली सोडायचा. हे हलणं सी वाजल्यावर लगेच सुरू व्हायला पाहिजे, ई आणि जी वाजत असतानाच हात सरकत असला पाहिजे. जी वर पोचल्यावर मग हलायला सुरुवात केली तर उशीर झालेलाच असतो.

अजून एक, जी अगदी शेवटपर्यंत धरून ठेवून सी ला जोडायचाच असा हट्ट हळू लयीत ठीक आहे, पण वेग वाढला की कुणीच तसं वाजवत नाही. तिसरं बोट सुटतं आणि अख्खा हात पुढच्या जागी जातो. ऐकणाऱ्याला सलग वाटतं ते आवाज सारखा असतो म्हणून, आणि थोडं पेडलमुळे (ते दाबलं की बोट सुटलं तरी सूर वाजत राहतो). म्हणून मी दोन्ही तऱ्हांनी करायला सांगेन. एकदा हळू जोडून, आणि एकदा सी-ई-जी तिन्ही एकदम दाबून, हात उचलून पुढच्या सप्तकातलं सी-ई-जी एकदम दाबून. ही दुसरी तऱ्हा फार कामाची आहे कारण त्यात हाताला अंतर कळतं, बोटांचा विचारच करावा लागत नाही.

आवाज सारखा करायला सगळ्यात चांगला उपाय मला हा वाटतो: तीन सुरांचा आर्पेजिओ चार-चारच्या गटात मोजा. सी-ई-जी-सी, ई-जी-सी-ई, जी-सी-ई-जी. प्रत्येक गटाच्या पहिल्या सुरावर हलका जोर. म्हणजे जोर आधी सी वर, मग ई वर, मग जी वर पडतो आणि अंगठ्यावरच दर वेळी वजन टाकायची हाताची सवय मोडते. दोन सप्तकं पुरत नाहीत यासाठी, चार घ्या. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन सूर, त्याच्यावर जायची घाई नको.

डाव्या हाताचं बोटांचं गणित वेगळं आहे हे लक्षात असू द्या. सी, जी, एफ मेजरला आणि ए मायनरला ५-४-२-१, पण डी, ए, ई मेजरमध्ये मधला सूर काळ्या पट्टीवर असतो तिथे ५-३-२-१ हाताला सोपं पडतं. आणि काळ्या पट्टीवरून सुरू होणारे जे आहेत, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट वगैरे, तिथे उजवा हात दुसऱ्या बोटाने सुरू होतो आणि अंगठा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर येतो, म्हणजे ई फ्लॅट मेजर २-१-२-४. याला घाबरू नका, उलट हाताच्या ठेवणीला हे जास्त सोयीचं आहे, लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड अंगठा पांढरीवर. एफ शार्प मेजर तर तिन्ही काळ्या, तिथे परत सी मेजरचीच बोटं.

मनगटात किंवा हाताच्या वरच्या बाजूला ओढ जाणवली तर त्या दिवशी आर्पेजिओ तिथेच थांबवा. दुखत असताना केलेला रियाझ हाताला ताणच शिकवतो.

बेसलाइन

वा, प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकच दिसतंय. प्रोग्रेशन हाच आर्पेजिओचा रियाझ करा.

आधी तुटकपणा घालवू. तुम्ही प्रत्येक कॉर्ड रूटपासून धरता म्हणून हात उड्या मारतो. आता तेच १-५-६-४ असं धरा, उजव्या हातात, मधल्या सी च्या आसपास:

सी: सी-ई-जी
जी: बी-डी-जी
ए मायनर: सी-ई-ए
एफ: सी-एफ-ए

हळूच एकदा वाजवून बघा आणि हात किती हलला ते बघा. सी वरून जी ला जाताना जी जागेवरच आहे, सी बी वर आला, ई डी वर आला. जी वरून ए मायनरला तिन्ही सूर एकेक पायरी वर. ए मायनरवरून एफ ला तर फक्त ई चा एफ झाला, बाकी दोन सूर हललेच नाहीत. डाव्या हातात खाली नुसता रूट, सी, जी, ए, एफ. आता ऐका, एकदम गाण्यासारखं वाटेल, कारण प्रत्येक सूर जवळच्या जवळ चाललाय, जणू तीन जण एकत्र गातायत आणि कुणीच उडी मारत नाही. यालाच व्हॉइस लीडिंग म्हणतात.

हे जमलं की याच धरलेल्या कॉर्ड्स एकेक सूर करून वाजवा. सी-ई-जी-ई, बी-डी-जी-डी, सी-ई-ए-ई, सी-एफ-ए-एफ. झाला आर्पेजिओ. मग तोच दोन सप्तकांत न्या, म्हणजे जी कॉर्ड बी पासून वर बी-डी-जी-बी-डी-जी. इथे एक फायदा असा होतो की तुम्ही इन्व्हर्जनचे, म्हणजे रूट सोडून दुसऱ्या सुरापासून सुरू होणारे, आर्पेजिओ पण करता, जे बहुतेक लोक टाळतात, आणि अंगठा दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतो त्यामुळे पाचबोटं यांनी सांगितलेलं हाताचं सरकणं आपोआप पक्कं होतं.

आता चार कॉर्ड्समधून बाहेर. सी मेजरच्या स्केलवर सात कॉर्ड्स बसतात. सी, एफ, जी मेजर. डी, ई, ए मायनर. आणि बी डिमिनिश्ड (बी-डी-एफ). यातल्या कुठल्याही दोन कॉर्ड्समध्ये दोन सूर सारखे असतील तर त्या एकमेकींच्या जागी बसू शकतात. एफ म्हणजे एफ-ए-सी, डी मायनर म्हणजे डी-एफ-ए, दोन सूर तेच, म्हणून ४ च्या जागी २ टाकून बघा: सी, जी, ए मायनर, डी मायनर. रंग बदलला, घर तेच. सी च्या जागी ई मायनर किंवा ए मायनर तसंच. तुम्ही रँडम कॉर्ड दाबता तेव्हा छान लागणारी कॉर्ड बहुतेक अशी नात्यातली असते.

मग पाच वरून एक ला घरी परतल्यासारखं का वाटतं तेही हाताने बघा. जी सेव्हन म्हणजे जी-बी-डी-एफ. यातला बी अर्ध्या पायरीवर असलेल्या सी कडे ओढ घेतो आणि एफ अर्ध्या पायरीवर असलेल्या ई कडे. दोन्ही आत सरकले की सी कॉर्ड तयार. फक्त बी आणि एफ हे दोनच सूर दाबा, ऐका किती अस्वस्थ वाटतात, मग सी आणि ई दाबा. एवढंच. सगळ्या वेस्टर्न हार्मनीतली ओढ या दोन अर्ध्या पायऱ्यांवर उभी आहे असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

याच्या पुढे एक जिना आहे तो मला स्वतःला फार आवडतो, दर वेळी आधीचा सूर एक धरून चौथ्या सुरावर चढत जायचं: सी, एफ, बी डिमिनिश्ड, ई मायनर, ए मायनर, डी मायनर, जी, सी. सातही कॉर्ड्स एका फेरीत येतात, एकही सुटत नाही. रोज एकदा ही फेरी आर्पेजिओ करून वाजवली तरी एका स्केलचा सगळा प्रदेश हाताखालून जातो.

आणि शेवटचं, परक्या कॉर्डचं. सी नंतर ई सेव्हन वाजवा आणि मग ए मायनर. वाजवा आणि मग इथे लिहा काय वाटलं.

उशिराचा_विद्यार्थी

मला जरा वेगळं सांगायचंय. चार-चार सप्तकांचे आर्पेजिओ, सगळ्या बाराही स्केल्समध्ये, हे जे करायला सांगतात ते हौशी माणसाने का करावं हे मला खरंच पटत नाही. अर्धा तास आहे त्यातला सगळा वेळ त्यात जातो आणि मग संगीत कधी करायचं. शिवाय आपण हौशी लोक जे तुकडे वाजवतो त्यात अंगठा खालून नेऊन चार सप्तकं धावायची वेळ फारच कमी येते. जास्त वेळा हात एका जागी असतो आणि कॉर्ड फोडून वाजवायची असते. ते वेगळं कौशल्य आहे, त्याचा रियाझ वेगळा हवा.

त्यासाठी बाखचा सी मेजर प्रिल्यूड घ्या, १७२२ च्या संग्रहातला पहिलाच. ३५ बारचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक गट) आहे, अंगठा ओलांडायची भानगडच नाही, आणि सुरुवातीपासून शेवटच्या तीन बारच्या आधीपर्यंत प्रत्येक बार म्हणजे एकच कॉर्ड, पाच सुरांत फोडलेली, दोन सूर डाव्या हाताला आणि तीन उजव्याला, तोच नमुना दोनदा. म्हणजे जे प्रोग्रेशन तुम्हाला शोधायचंय ते एका मोठ्या माणसाने तुमच्यासमोर उलगडून ठेवलंय.

मी तो असा शिकायला सांगेन: आधी फोडू नका. प्रत्येक बारचे पाचही सूर एकदम दाबा. पहिला बार सी-ई-जी-सी-ई. दुसरा सी-डी-ए-डी-एफ. तिसरा बी-डी-जी-डी-एफ. चौथा परत पहिल्यासारखा. दुसऱ्या बारला तळाचा सी तसाच आहे पण वरची कॉर्ड डी मायनर सेव्हनची झालीय, म्हणून तो सी तिथे टोचतो, आणि तिसऱ्या बारला तो सी अर्धी पायरी खाली बी वर उतरतो तेव्हा सुटल्यासारखं वाटतं. चार बारमध्ये एवढं घडतं! बेसलाइन यांनी जे जवळच्या जवळ सूर सरकवायचं सांगितलं त्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आठव्या बारला तळाशी बी आणि सी शेजारी शेजारी एकदम येतात, तिथे थांबून थोडा वेळ ऐकत बसा.

कॉर्ड्स हातात बसल्या की मग फोडून वाजवा, अगदी हळू, पेडल न घेता. पेडलशिवाय सारखा वाजला तर खरा सारखा वाजला.

सांजसूर

अहो काय सुंदर उत्तरं दिलीत सगळ्यांनी, मी आज सगळा वेळ हेच करत होते.

कोपर बाहेर जाऊ द्यायचं केलं आणि अंगठ्याचा आवाज लगेच खाली आला, सगळा गेला नाहीये पण कुठून येतो ते कळलं. चार-चारच्या गटात मोजायला मजा येते, डोकं पूर्ण तिथेच ठेवावं लागतं.

बेसलाइन, तुमच्या त्या चार कॉर्ड्स धरून बघितल्या, मला वाटलंच नव्हतं की हे तेच १-५-६-४ आहे. आणि सी, ई सेव्हन, ए मायनर वाजवलं. अंगावर काटा आला. पण मला कळत नाही की हे लागतं कसं, ई सेव्हनमध्ये जी शार्प आहे आणि तो तर सी मेजरमध्ये नाहीच. मग परका सूर असून तो चुकीचा का वाटत नाही?

अजून दोन प्रश्न. डाव्या हाताने नुसता रूट दाबून कंटाळा येतो म्हणून मी खाली सी-ई-जी फोडून वाजवलं तर सगळं गढूळ वाटलं. आणि पेडल घेतलं की अजूनच गिचमिड होते, नाही घेतलं तर कोरडं वाटतं. याचं काय करायचं?

निळीसावली

डावा हात आणि पेडल मी सांगते, याच्यावर मी खूप वेळ घालवलाय आणि याने वाजवण्यात जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

गढूळ वाटलं ते तुमचा पियानो वाईट म्हणून नाही. खालच्या सप्तकात सूर जवळजवळ दाबले की गढूळच लागतात, उत्तम पियानोवर पण. कुठलाही एक जाड सूर वाजला की त्याच्यात वरचे सूर आपोआप झंकारत असतात, आणि ते कसे येतात बघा: सी च्या वर आधी सी, मग जी, मग सी, मग ई. म्हणजे निसर्गतःच खाली अंतरं मोठी आणि वर गेलं की लहान. आपण डाव्या हाताने तीच मांडणी केली की स्वच्छ वाजतं. म्हणून सी-ई-जी ऐवजी सी, जी, आणि त्याच्या वरचा ई. ई ला उचलून एक सप्तक वर टाकला, बस. ए मायनरला ए, ई, वरचा सी. एफ ला एफ, सी, वरचा ए. जी ला जी, डी, वरचा बी.

बोटं ५-२-१. हात एवढा पसरत नसेल तर पसरवायचा नाहीच, बहुतेकांचा पसरत नाही. करंगळीने सी वाजवून सोडून द्यायचा, मनगट दुसऱ्या बोटावर वळवून अंगठा ई कडे न्यायचा. सी सुटला तरी पेडलमध्ये वाजत राहतो. ताणून धरलात तर हात दुखेल आणि आवाज पण कडक येईल.

आता पेडल. बहुतेक नवे वाजवणारे कॉर्ड आणि पेडल एकदम दाबतात. तसं केलं की आधीच्या कॉर्डचा शेपटा नव्या कॉर्डमध्ये अडकतो नाहीतर मध्ये खड्डा पडतो. करायचं असं की नव्या कॉर्डचा बेसचा सूर दाबला त्याच क्षणी पाय वर, आणि तो सूर बोटाखाली धरलेला असतानाच पाय परत खाली. हात खाली तेव्हा पाय वर, मग पाय खाली. सुरुवातीला उलटं वाटतं. सराव करायचा तर आर्पेजिओ बाजूला ठेवा, नुसती बेसची ओळ वाजवा, सी, जी, ए, एफ, एकाच बोटाने, प्रत्येक सूर चार ठोके, आणि दोन सुरांच्या मध्ये ना फट पडली पाहिजे ना दोन्ही एकमेकांत मिसळले पाहिजेत. एकाच बोटाने का तर बोटांनी जोडता येऊ नये, सगळं काम पायाने करावं लागावं. हे स्वच्छ झालं की वर उजवा हात घ्या.

बेस नेमका पेडलमध्ये पकडला गेला पाहिजे. पाय उशिरा खाली आला आणि करंगळी तोवर सुटली तर कॉर्डला बूडच राहत नाही, वर सगळं तरंगत बसतं. तुम्हाला कोरडं वाटतंय त्याचं एक कारण हे असू शकेल.

पाचबोटं

उशिराचा_विद्यार्थी यांचं म्हणणं अर्धं पटलं. बाराही स्केल्स रोज करायची गरज नाही हे अगदी खरं. पण लांब आर्पेजिओ अजिबातच सोडायचे हे नाही पटत. हाताला पियानोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळेपणाने जायची सवय त्यातूनच लागते, आणि एका जागी कॉर्ड फोडताना सुद्धा तोच मोकळा हात कामी येतो. एक आठवडा एक स्केल, रोज पाच-सात मिनिटं, बाकी वेळ प्रोग्रेशन आणि प्रिल्यूड. पुढच्या आठवड्यात १-५-६-४ दुसऱ्या स्केलमध्ये न्यायचं, जी मध्ये जी, डी, ई मायनर, सी. आकडे तेच, हाताची ठेवण वेगळी.

आणि सेव्हन कॉर्ड्सचे आर्पेजिओ पण हळूहळू घ्या, चार सूर असल्याने १-२-३-४ आणि मग अंगठा, ते तीन सुरांपेक्षा सोपे जातात कारण अंगठ्याला कमी अंतर जायचं असतं. डिमिनिश्ड सेव्हन तर मुद्दाम घ्या, सगळे सूर तीन-तीन अर्ध्या पायऱ्यांवर असतात त्यामुळे मुळात तीनच वेगवेगळे आहेत, बाकी सगळी त्यांचीच इन्व्हर्जन्स.

उशिराचा_विद्यार्थी

एक आठवडा एक स्केल हे चालेल, यावर माझं काही म्हणणं नाही.

बेसलाइन

जी शार्पचं. मघाशी जी सेव्हनमधला बी सी कडे ओढतो ते बघितलंत ना, अर्ध्या पायरीवरून. ए मायनरला आपण थोड्या वेळापुरतं घर मानलं तर त्याच्या अर्धी पायरी खाली कोण आहे? जी शार्प. ई सेव्हन ही ए मायनरची स्वतःची पाचवी कॉर्ड आहे, तिच्यात जी शार्प आहे आणि तो ए कडे ओढतो. तो सूर सी मेजरमध्ये परका आहे पण त्याला कुठे जायचंय ते कानाला आधीच कळतं, आणि तो तिथे गेला की कान समाधानी. परकी कॉर्ड खटकते ती तिच्यातला परका सूर कुठेच जात नाही तेव्हा. म्हणून रँडम दाबताना दर वेळी हा प्रश्न विचारा की हा नवा सूर पुढच्या कॉर्डमध्ये अर्धी पायरी वर किंवा खाली जातोय का.

हेच बाकीच्या कॉर्ड्सना पण लागू. डी मायनरच्या आधी ए सेव्हन, जी च्या आधी डी सेव्हन, एफ च्या आधी सी सेव्हन. प्रत्येकीची स्वतःची पाचवी असते आणि ती आधी आली की पुढची कॉर्ड जास्त उजळून येते.

आणि एक चीज देतो. एफ नंतर सी ला परतण्याआधी एफ मायनर टाका. ए चा ए फ्लॅट होतो आणि मग तो जी वर उतरतो.

सांजसूर

बेसलाइन, तुमच्या दोन्ही गोष्टी जोडून हे झालं, उजव्या हातात सगळं जवळच्या जवळ धरून:

सी: सी-ई-जी
ई: बी-ई-जी शार्प
ए मायनर: सी-ई-ए
एफ: सी-एफ-ए
एफ मायनर: सी-एफ-ए फ्लॅट
सी: सी-ई-जी

ई सेव्हनमधला डी मी गाळला कारण तीन सुरांत हात छान राहतो. हे वाजवताना सगळ्यात वरचा सूर ऐकला तर तो जी, जी शार्प, ए असा चढतो आणि मग ए, ए फ्लॅट, जी असा उतरतो! म्हणजे एकाच काळ्या पट्टीवरून वर गेले आणि त्याच पट्टीवरून खाली आले. मी कितीतरी वेळ नुसती हीच सहा कॉर्ड्सची फेरी करत होते. मग डाव्या हाताने निळीसावली यांनी सांगितलेलं रूट-पाचवा-दहावा (म्हणजे सी, जी, वरचा ई), आणि उजव्याने वरचा सूर करंगळीने थोडा जास्त ठेवून बाकीचे फोडून.

फक्त शेवट लागत नाहीये. एफ मायनर वरून सी ला आले की गोड वाटतं पण अजून पुढे काहीतरी आहे असं वाटत राहतं, आणि परत सुरुवात करावीशी वाटते. नीट संपवायचं कसं?

बेसलाइन

क्या बात है, वरची ओळ तुम्ही स्वतः ऐकलीत हे फार आवडलं.

परत सुरुवात करावीशी वाटते कारण या फेरीत जी सेव्हन एकदाही आलेली नाही, बी आणि एफ ची ती ओढ शेवटी मिळालीच नाही. एफ मायनर नंतर सी-ई-जी तशीच धरा पण डाव्या हातात सी च्या ऐवजी खाली जी ठेवा. कॉर्ड तीच असून थांबल्यासारखी वाटणार नाही, लोंबकळेल. डावा हात जी वरच ठेवून उजव्यात बी-डी-एफ वाजवा. मग डाव्या हातात सी आणि उजव्यात सी-ई. एफ चा ई झालेला ऐकू यायला हवा, म्हणून त्या ई ला जोर द्या आणि जी सेव्हनवर थोडं रेंगाळा.

पेडल त्या जी वर दोनदा बदला, एकदा सी-ई-जी ला आणि एकदा बी-डी-एफ ला, बेस तोच असला तरी. नाहीतर सी आणि बी एकत्र वाजत राहतील. जी चा सूर करंगळीने धरून ठेवलात तर पाय उचलला तरी तो जाणार नाही.